‘सुरतेचे पाणी लागले’ : देशांतरित रुग्णाचा सात्म्यविचार

दिवाळी आटोपली, भात घरात आला, की विसरवाडीच्या बसथांब्यावर गाठोडी व पत्र्याच्या पेट्या घेतलेली माणसे दिसू लागतात. धुळे-सुरत महामार्ग (पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ६, सध्याचा ५३) गावाला लागूनच असल्याने नवापूर, सोनगड, व्यारा, बारडोली मागे टाकीत ही माणसे काही तासांत सुरतेला पोहोचतात. रेल्वेने जाणारे खांडबारा किंवा नवापूर गाठतात. नवापूरच्या स्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात व काही गुजरातेत असल्याने फलाटावर चार पावले टाकली तरी राज्य बदलते. शरीर मात्र इतक्या त्वरेने बदलत नाही, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

या प्रवाशांपैकी पुष्कळजण ऊसतोडीसाठी बारडोलीच्या परिसरात जातात व पावसाळ्यापूर्वी परततात. त्यांच्या आरोग्याचा विचार स्वतंत्रपणे व्हावयास हवा. येथे आम्ही उधना, पांडेसरा, लिंबायत, डिंडोली अशा भागांत खोली घेऊन राहणाऱ्या, कापडाच्या रंगाई-छपाईच्या गिरण्यांत किंवा बांधकामावर लागणाऱ्या आणि हळूहळू सुरतकर होणाऱ्या कुटुंबांविषयी लिहीत आहोत. ही कुटुंबे पूर्णपणे तुटत नाहीत. होळीला येतात, लग्नकार्याला येतात आणि आजारी पडली की बहुधा आपल्याच गावच्या वैद्याकडे येतात. त्यामुळे शहरात रुजताना शरीराची जी ओढाताण होते, ती पाहण्याचा प्रसंग सुरतेच्या वैद्यांइतकाच आमच्यासारख्या गावच्या वैद्यांवरही येतो.

विसरवाडीत चिकित्सा करीत असताना गेल्या अठरा वर्षांत एक वाक्य आम्ही अगणित वेळा ऐकले आहे : “साहेब, सुरतचं पाणी लागलं.” भूक नाही, पोट साफ होत नाही, अंग जड वाटते, काखेत-जांघेत खाज आहे, झोप उडाली आहे, सांधे दुखतात, ताप येतो. तक्रार कोणतीही असो, कारण ठरलेले. पूर्वी आम्हीही मान डोलावून पाचक चूर्णाची पुडी बांधीत असू. पुढे एका रुग्णाने आमचे डोळे उघडले, त्याची हकीगत पुढे येईलच.

पाण्याचा दोष किती?

प्रथम पाण्याविषयीच. विसरवाडी-नवापूर परिसरातून वाहणारी रंगावली तापीला मिळते, तापी उकाई धरणातून पुढे सुरतेला जाते आणि सुरत शहर तापीचेच पाणी पिते. म्हणजे आपल्या शिवारातले पाणीच काही अंशी तेथे पोहोचते असे आम्ही रुग्णांना गमतीने सांगतो. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या साथीने लाखो लोक सुरत सोडून गेले, त्या आठवणीने जुन्या पिढीच्या मनात या शहराची धास्ती आहे. परंतु १९९५ नंतर तेथे स्वच्छतेचे जे काम झाले ते सर्वश्रुत आहे, आणि २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरतेने इंदूरसमवेत पहिला क्रमांक मिळविला. नळाच्या पाण्यालाच सर्व दोष देणे त्यामुळे न्यायाचे होत नाही. दोष असलाच तर तो बहुधा खोलीतल्या पिंपात असतो. पाणी ठरावीक वेळेस येते, आठ जणांत एक पिंप असते, त्यावर झाकण नसते. पाणी उकळून, चिमूटभर सुंठ घालून पिण्यास सांगणे एवढ्यानेच पहिल्या महिन्यातील निम्म्या तक्रारी कमी झाल्याचा आमचा अनुभव आहे.

शास्त्राची भूमिका

देशविचारात भूमिदेश व देहदेश असे दोन्ही अभिप्रेत आहेत, हे वैद्यबंधूंना सांगावयास नको. चरकाचार्यांनी कल्पस्थानाच्या प्रारंभी जांगल, आनूप व साधारण देशांची लक्षणे दिली आहेत. समुद्राजवळची, सखल, दमट सुरत आनूप देशात मोडते व तेथे वात-कफाचे प्राबल्य अपेक्षित आहे. कोंडाईबारी घाटाच्या पायथ्याकडील आपला प्रदेश पावसाचा असला तरी उताराचा आहे, पाणी साचून राहत नाही. तो साधारण देशाकडे झुकतो असे आमचे मत आहे. मतभेदास अर्थातच जागा आहे.

चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायात कोणत्या प्रदेशातील लोकांना काय सात्म्य आहे याचे वर्णन येते : प्राच्यांना मत्स्य, सैंधवांना दूध, अश्मक-अवंतीकरांना तैल व अम्ल, मलयवासीयांना कंदमुळे व फळे. औषधयोजना करताना हे सात्म्य लक्षात घ्यावे, असे तेथे सांगितले आहे. हा भाग विद्यार्थिदशेत आपण सर्वांनी पाठ केला आणि परीक्षेनंतर विसरलो. प्रत्यक्षात देशांतरित रुग्णासाठी याहून उपयुक्त उतारा दुसरा नसावा. रुग्ण सुरतेहून आला असला तरी त्याचे ओकसात्म्य, म्हणजे अभ्यासाने अंगवळणी पडलेला आहार, विसरवाडीचे आहे : ज्वारीची भाकरी, तांदूळ, तूर-उडदाची डाळ, पावसाळ्यातील रानभाज्या.

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या ३५ व्या अध्यायात एक आश्वासक विचार मांडला आहे. आहार, निद्रा व चेष्टा यांबाबत उचित आचरण ठेवणाऱ्यास देशापासून उत्पन्न होणारे भय नाही, असा त्याचा आशय आहे. भय केवळ भूमीचे नसते, आहार-निद्रा-चेष्टा या तिन्हींची घडी विसकटली की देश बाधू लागतो, असा अर्थ आम्ही त्यातून घेतो. शहरात नव्याने गेलेल्या माणसाची नेमकी ही तिन्हींची घडी एकाच आठवड्यात मोडते.

प्रत्यक्षात काय बदलते

आहाराचे पाहू. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र व गुजरात यांच्यात शिधापत्रिकेची सुविधा परस्परांत सुरू झाली. पुढे ती देशभर लागू झाल्याने आपल्या गावच्या कार्डावर सुरतेत धान्य मिळू शकते. ही मोठीच सोय आहे. पण तेथे बहुधा गहू-तांदूळ मिळतो. ज्वारी बाजारातून विकत घ्यावी लागते व भाकरी थापण्यास चूल नसते. एकटा गेलेला तरुण खानावळीच्या पोळ्या, नाश्त्याला खमण किंवा लोचो, आणि पाळीत जाग राहावी म्हणून दिवसातून सहा-सात वेळा चहा-खारी यांवर राहतो. भाकरी व डाळीवर वाढलेल्या कोष्ठाला मैदा, फरसाण व पुनःपुन्हा तापविलेले तेल एकदम सोसत नाही. अग्निमांद्य व मलबद्धता त्याचीच फळे.

निद्रेचे त्याहून बिकट. गिरणीत बारा-बारा तासांच्या पाळ्या असतात व आठवड्याने दिवसपाळीची रात्रपाळी होते. रात्री जागरणाने रौक्ष्य व वातवृद्धी, आणि दिवसा जेवून झोपल्याने कफवृद्धी, अशी दुहेरी कोंडी होते. येथे वाग्भटाचार्यांची एक सूचना अत्यंत व्यवहार्य आहे. असात्म्य जागरण घडल्यास जितका काळ जागरण झाले त्याच्या निम्मा काळ सकाळी, काही न खाता झोपावे, असे ते सांगतात. आमचे रात्रपाळीचे रुग्ण याच्या नेमके उलट करतात : सकाळी सुटल्यावर पोटभर जेवतात आणि मग झोपतात. केवळ हा क्रम उलटविला, आधी झोप व मग जेवण, आणि रात्री पाळीवर जाण्यापूर्वी तळपायांस तिळतेल चोळण्यास सांगितले, तर अनेकांचे आम्लपित्त व अंगजडपणा औषधावाचून उतरतो.

चेष्टेविषयी एकच मुद्दा, पण महत्त्वाचा. शहर आनूप असले तरी रुग्ण दिवसातील बारा तास कोठे असतो? रंगाई विभागात वाफ आणि उष्णता असते. अंगातून घामाच्या धारा लागतात आणि यंत्र सोडून जाता येत नाही म्हणून माणूस पाणी कमी पितो. म्हणजे नकाशावर आनूप देशात राहणारा हा मनुष्य प्रत्यक्षात उष्ण-रूक्ष परिस्थितीत जगत असतो. सुरतेहून आलेला म्हणून त्याला सरसकट कफघ्न, रूक्ष चिकित्सा देणे चुकीचे ठरते. त्याची खोली, त्याची पाळी व त्याचे यंत्र विचारल्याशिवाय देशपरीक्षा पूर्ण होत नाही.

पादांशिक क्रमाचा उपयोग

सवयीचे सोडताना व नवे स्वीकारताना ते पादांशाने, टप्प्याटप्प्याने करावे, हा चरकाचार्यांचा सूत्रस्थानातील (अध्याय ७) उपदेश सर्वांस परिचित आहे. पाद म्हणजे चतुर्थांश की षोडशांश, व मध्ये किती दिवसांचे अंतर, यावर टीकाकारांत मतभेद आहेत. त्यात न शिरता आम्ही सोयीसाठी चार-चार दिवसांचे टप्पे ठरविले आहेत. सुरतेस निघालेल्या कुटुंबाला आम्ही पंधरा दिवस पुरेल इतके ज्वारीचे पीठ, तांदूळ व तूरडाळ घरूनच नेण्यास सांगतो. पहिले चार दिवस तीन भाग घरचे व एक भाग तेथले, पुढील चार दिवस निम्मे-निम्मे, त्यापुढे एक भाग घरचे. जेवणाच्या पहिल्या घासासोबत तुपातून हिंग्वाष्टक चूर्ण द्यावे, पण पंधरवड्यापुरतेच. महिनोन्महिने नव्हे.

हे सर्व लिहिण्यास सोपे आहे. आठ तरुण एका खोलीत राहतात तेथे वेगळी भाकरी कोण थापणार, असा प्रश्न आम्हाला एका रुग्णाने विचारला आणि आम्ही निरुत्तर झालो. तेव्हापासून अशांना निदान एक वेळचा वरणभात खोलीवर शिजवावा, इतकेच सांगतो. कुटुंब सोबत असेल तर मात्र क्रम नीट पाळता येतो, आणि अशी कुटुंबे लवकर स्थिरावतात हे आम्ही पाहिले आहे.

आमची चूक

आता ज्या रुग्णाचा उल्लेख वर केला त्याविषयी. काही वर्षांपूर्वी, माघ महिन्यात, सुमारे एकोणीस वर्षांचा एक तरुण सुरतेहून आला. रंगाईच्या गिरणीत लागून तीन महिने झाले होते. गुडघे, खुबे व पाठ यांत तीव्र वेदना, थोडा ज्वर, भूक नाही, अंग जड. आईने दारातूनच सांगितले, “साहेब, पोराला सुरतचं पाणी लागलं.” नवा आहार, दमट हवा, अग्निमांद्य, संधिशूल हे सारे जुळून येत होते. आम्ही आमवात असे निदान केले व शास्त्रोक्त क्रमाने लंघन, वालुकास्वेद आणि सिंहनाद गुग्गुळ योजिला. तीन दिवसांनी वेदना असह्य झाल्या, डोळे पिवळे दिसू लागले. तेव्हा रुग्णालयात पाठविले. तेथील तपासणीत सिकलसेल रुग्ण असल्याचे निष्पन्न झाले.

ज्या जिल्ह्यात आम्ही चिकित्सा करतो तो सिकलसेलचे प्रमाण अधिक असलेल्या जिल्ह्यांपैकी आहे. हे आम्हाला ठाऊक नव्हते असे नाही. परंतु ‘सुरत’ हा शब्द ऐकताच आम्ही जन्मापासूनच्या इतिवृत्ताकडे पाठ फिरविली. नंतर विचारले असता, लहानपणी त्याचे हात-पाय वरचेवर सुजत असत आणि एक भाऊ बालपणीच गेला होता, असे आईने सांगितले. तिने ते लपविले नव्हते. आम्ही विचारले नव्हते.

आपल्या परिभाषेत हा बीजभागाच्या दुष्टीने येणारा व्याधी आहे. मातापिता दोघांकडून दोष आल्यास व्याधी व एकाकडूनच आल्यास वाहकावस्था, वाहक सामान्यतः निरोगी असतो. रुग्णाच्या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकतात व सूक्ष्म वाहिन्यांत अडकतात. शरीरातील जलांश घटणे, अतिश्रम, ज्वर, थंडी या कारणांनी हा वेदनावेग उसळतो. आता गिरणीतील आयुष्य आठवावे : घाम, कमी पाणी, रात्रपाळी आणि पहाटे थंडीत खोलीवर परतणे. वेग उत्पन्न होण्यास लागणारे सर्व हेतू तेथे एकत्र आलेले होते. त्यावर आम्ही लंघन व रूक्ष स्वेद देऊन जलांश आणखी घटविला. तो तरुण वाचला, परंतु पुढे त्याच्या उजव्या खुब्याच्या अस्थीचा रक्तपुरवठा खंडित होऊन ती झिजली. आजही तो लंगडतच चालतो. हा आमच्या उपचाराचाच परिणाम की व्याधीचा, हे कोणी सांगू शकणार नाही, पण ते तीन दिवस आम्हाला परत घेता आलेले नाहीत.

म्हणून आमची विनंती अशी की, या भागातील देशांतरित रुग्णास अंगदुखी किंवा संधिशूल असेल तर लंघनाचा विचार करण्यापूर्वी सिकलसेलची तपासणी झाली आहे काय, हे विचारावे. झाली नसल्यास प्रथम विद्राव्यता चाचणी व ती सदोष आल्यास इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करवून घ्यावी. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा प्रारंभ झाला असून ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी त्यात अभिप्रेत आहे. गुजरातचा स्वतःचा कार्यक्रम त्याही आधीपासूनचा आहे. रुग्ण हायड्रॉक्सीयुरिया घेत असेल तर आपले औषध सुरू करताना ते बंद करण्यास कदापि सांगू नये. तीव्र वेदना, श्वास लागणे, डोळे पिवळे होणे अथवा ज्वर असल्यास एक रात्रही थांबू नये.

दुसरी एक सूचना पावसाळ्यापुरती. दक्षिण गुजरातेत लेप्टोस्पायरोसिस आढळतो. साचलेल्या पाण्यात वावरून आलेल्या मनुष्यास ज्वर, पोटऱ्यांत तीव्र शूल व डोळ्यांत लाली असेल तर तेथेही ‘पाणी लागले’ म्हणून काढा देत बसू नये, तात्काळ रुग्णालयात पाठवावे.

त्या प्रसंगानंतर आम्ही एक साधी पद्धत सुरू केली. सुरतेस जाणाऱ्या प्रत्येकाला अर्ध्या पानाची चिठ्ठी देतो. तीत प्रकृती, कोष्ठ, पूर्वव्याधी, सिकलसेल तपासणीचा निष्कर्ष व चालू औषधे लिहिलेली असतात. मजकूर मराठीत व हिंदीत असतो. चिठ्ठी शिधापत्रिकेच्या प्लास्टिक पिशवीतच ठेवण्यास सांगतो, कारण तो एकच कागद कोणी हरवीत नाही.

औषधविक्रेत्यांसाठी

निघताना सहा महिन्यांचे औषध एकदम बांधून नेण्याची पद्धत आहे. ती मोडण्यास आपणच साह्य करू शकता. शार्ङ्गधराने चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांचे मानले आहे. आजच्या बंद वेष्टनावरील मुदत अधिक असते हे खरे, पण ती वेष्टन बंद असेपर्यंत. सुरतेच्या दमट खोलीत उघडलेला मोठा डबा पावसाळ्यात गोळा होतो. लहान वेष्टने द्यावीत व शक्य तेथे वटी सुचवावी.

त्रिभुवनकीर्तीसारखे वत्सनाभयुक्त कल्प ‘तापाची गोळी’ म्हणून वैद्याच्या चिठ्ठीवाचून मूठभर देऊ नयेत. अशा औषधांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची जी सूचना छापलेली असते ती ग्राहकास वाचून दाखवावी, कारण पुष्कळांना वाचता येत नाही. आणि सांधेदुखीवरील नाव-गाव नसलेल्या पुड्या दुकानात ठेवूच नयेत. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले आढळते. त्याने चार दिवस बरे वाटते आणि मूळ व्याधी झाकला जातो. वरील तरुणाच्या खिशातही तशी एक पुडी निघाली होती.

उलट दिशेने

स्थिरावलेल्या कुटुंबांचा एक वेगळाच अनुभव अलीकडे येऊ लागला आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी लिंबायतमध्ये राहावयास गेलेले एक जोडपे दरवर्षी होळीला गावी येते. त्यांची मुले तिकडेच जन्मली, तेथेच शिकतात व गुजराती सफाईने बोलतात. गेल्या होळीला त्यांच्या आजीने सात वर्षांच्या नातवाला आमच्याकडे आणले. दोन दिवस ज्वारीची भाकरी व उडदाची डाळ खाऊन त्याचे पोट बिघडले होते. सिकलसेलची तपासणी सुरतेत शाळेतच झालेली होती व ती निर्दोष होती, हे आम्ही प्रथम विचारून घेतले. आजी म्हणाली, “साहेब, याला आपल्याकडचं पाणी लागलं.” आम्ही तिला पुढील चार दिवस मुलाला तीन भाग पोळी-भात व एक भाग भाकरी देण्यास सांगितले. तिला ते मुळीच पटले नाही.